प्रेडर-विली सिंड्रोम आणि ग्रोथ हॉर्मोन : १४ महिन्यांच्या मुलीच्या पालकांना सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडमधील एका दांपत्याच्या १४ महिन्यांच्या मुलीला प्रेडर-विली सिंड्रोम हा जन्मजात जनुकीय विकार असल्याचे मिथायलेशन या जनुकीय चाचणीतून निश्चित झाले आहे. तिची लांबी ७४ सेंटिमीटर आणि वजन ८.२ किलो आहे, म्हणजे ती वाढीच्या तक्त्यात बसते. ती अजून आधाराशिवाय नीट बसत नाही. जन्मानंतर अडीच महिने नाकातल्या नळीने दूध घेणारी ही मुलगी आता वाटीभर खिमट आवडीने खाते. डॉक्टरांनी ग्रोथ हॉर्मोन सुचवले आहे. उंची ठीक असताना रोज सुई कशासाठी टोचायची, त्याने भूक वाढेल का, पुढे कर्करोगाची भीती आहे का, हे किती वर्षे चालणार आणि खर्च कसा पेलायचा, असे वडिलांनी विचारले आहे. आजोबा निवृत्त औषधविक्रेते असून हे औषध मृत माणसांच्या ग्रंथींपासून काढतात अशी त्यांची शंका आहे. आजींचे म्हणणे असे की, बाळ आता कुठे अंग धरू लागले आहे, त्यात हे आणखी कशाला.

मी पुण्यात गेली २२ वर्षे मुलांच्या हॉर्मोनविकारांवर उपचार करते. माझे मत आधीच सांगते : उपचार सुरू करावा, वर्षभर थांबून पाहू असे म्हणू नये, मात्र झोपेची तपासणी झाल्याशिवाय पहिली सुई टोचू नये. यामागची कारणे सविस्तर सांगते.

आपल्याकडे ग्रोथ हॉर्मोनला सर्रास ‘उंचीचे इंजेक्शन’ म्हणतात आणि या एका नावाने प्रेडर-विलीच्या मुलांचे बरेच नुकसान केले आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून हे हॉर्मोन स्रवते आणि त्या ग्रंथीला हुकूम देतो तो तिच्या वरचा हायपोथॅलॅमस. प्रेडर-विलीमध्ये बिघाड मुख्यतः या हायपोथॅलॅमसच्या कारभारात असतो. भूक, झोप, शरीराचे तापमान, वयात येणे आणि स्नायूंची घडण ही सगळी खाती एकाच वेळी विस्कळीत होतात. ग्रोथ हॉर्मोन हाडांची लांबी वाढवते हे खरे, पण तेच स्नायू घडवते आणि चरबी जाळायला लावते. या मुलांच्या अंगात, ती हडकुळी दिसत असतानाही, वयाच्या मानाने चरबीचा वाटा जास्त आणि स्नायूंचा कमी असतो. वजनकाटा ही गोष्ट दाखवत नाही. तुमच्या मुलीचे ८.२ किलो आणि शेजारच्या मुलीचे ८.२ किलो यांत म्हणूनच फरक आहे.

स्नायू कमी म्हणजे बसणे उशिरा, चालणे उशिरा. उपचाराविना ही मुले साधारणपणे वर्षाच्या सुमारास बसतात आणि दोन वर्षांच्या सुमारास चालतात. स्नायू कमी म्हणजे खोकल्याचा जोर कमी आणि छातीचा जोरही कमी. शिवाय विश्रांतीच्या वेळी जळणारे उष्मांक कमी, म्हणजे पुढे आयुष्यभर इतरांपेक्षा कमी खाऊनही वजन वाढत राहणार. तुम्हाला जे इंजेक्शन सुचवले आहे ते या सगळ्यासाठी आहे. उंची मिळते, ती वरकड.

हे मी इतक्या ठामपणे सांगते याला माझीच एक चूक कारणीभूत आहे. व्यवसायाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे या विकाराचा दीड वर्षाचा एक मुलगा आला होता. अमेरिकेत २००० साली या उपचाराला मान्यता मिळाली, ती ‘वाढ खुंटलेल्या’ मुलांसाठी अशा शब्दांत. युरोपने पुढच्या वर्षी मान्यता देताना शरीराची घडण सुधारणे हा हेतूही स्पष्ट लिहिला. मी अमेरिकेचे शब्द धरून बसले. मुलाची उंची तक्त्यात होती, म्हणून दर सहा महिन्यांनी फूटपट्टी लावत राहिले. तो साडेपाच वर्षांचा झाला तेव्हा उंचीची रेघ खाली घसरली आणि मी औषध लिहिले. तोवर तो जिना चढताना दर चार पायऱ्यांनी थांबत होता. उंची त्याने नंतर भरून काढली. पण दोन ते पाच या वयात धावणे, उड्या मारणे, झोके घेणे यांतून जे अंग कमावले जाते, ते त्याला पुढे कधीच पुरते कमावता आले नाही. आज मी जनुकीय निदान हाती आले की पहिल्या वर्षातच हा विषय काढते. लहान वयात सुरू केल्यास बौद्धिक आणि भाषिक विकासालाही मदत होते असे काही अभ्यासांत दिसले आहे, पण तेवढ्या एका आशेवर मी हा उपचार कोणाला सुचवणार नाही. स्नायूंचे कारण पुरेसे आहे.

आता झोपेच्या तपासणीविषयी, कारण घाई करून चालणार नाही अशी खरी जागा हीच आहे. २००३ मध्ये या औषधाच्या वापराबाबत जगभर इशारा देण्यात आला. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत प्रेडर-विलीच्या काही मुलांचे मृत्यू झाले होते आणि त्यांतील बहुतेक मुले अतिस्थूल होती, त्यांच्या श्वासमार्गात अडथळा होता किंवा त्यांना छातीचा संसर्ग झाला होता. या विकारात औषध न घेणाऱ्या मुलांतही श्वसनामुळे मृत्यू होतात, त्यामुळे सगळा दोष औषधाला देता येत नाही. तरी शंकेला आधार आहे : ग्रोथ हॉर्मोनमुळे टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी फुगू शकतात आणि आधीच अरुंद असलेला मार्ग आणखी अरुंद होतो. म्हणून तीव्र स्थूलता, उपचार न केलेला झोपेतील गंभीर श्वासरोध, ताब्यात नसलेला मधुमेह किंवा सक्रिय कर्करोग असताना हे औषध देत नाहीत.

झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, ही रुग्णालयात काढलेली एक रात्र असते. डोक्याला चिकट मलम लावून तारा बसवतात, नाकाशी श्वास मोजणारी बारीक नळी, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, पायाच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजणारा लाल दिवा. बाळ पहिला तासभर रडते, आई त्याच पलंगावर आडवी होते आणि मग केव्हातरी दोघेही झोपतात. सकाळी आपल्याला दोन गोष्टी कळतात : मेंदूच श्वास घ्यायला विसरतो का, जे तान्ह्या बाळांत अधिक दिसते, आणि घशातल्या अडथळ्यामुळे श्वास अडतो का, जे मोठ्या मुलांत अधिक दिसते. पहिल्या प्रकारात काही काळ रात्री ऑक्सिजन द्यावा लागू शकतो. दुसऱ्या प्रकारात कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांकडे जाऊन आधी गाठींचा बंदोबस्त करावा आणि मग सुई हाती घ्यावी. औषध सुरू झाल्यावर तीन ते सहा महिन्यांत हीच तपासणी पुन्हा करायची असते आणि पालक नेमकी हीच चुकवतात, कारण तोवर मूल हुशारलेले असते.

तुम्ही विचारलेले नाही, तरी विचारते : मुलगी घोरते का? आपल्या घरांत घोरणारे मूल ‘कसे गाढ झोपले आहे’ म्हणून कौतुकाचा विषय होते. या विकारात घोरणे सुरू झाले, वाढले किंवा श्वास मधेच थांबून दचकल्यासारखे झाले, तर त्या रात्रीपासून इंजेक्शन थांबवून सकाळी फोन करावा. पावसाळ्यातल्या साध्या सर्दीसाठी मात्र औषध थांबवण्याची गरज नसते.

औषधाआधी थायरॉइड, उपाशीपोटीची साखर आणि आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा शरीरावर किती परिणाम होतो आहे हे दाखवणारा रक्तातील घटक) या रक्तचाचण्या पुरतात. क्लोनिडीन किंवा ग्लुकागॉन देऊन हॉर्मोन ‘उद्दीपित’ करण्याची चाचणी जनुकीय निदान पक्के असलेल्या लहान मुलांत आवश्यक मानत नाहीत, त्यामुळे कोणी ती सुचवलीच तर कशासाठी, हे जरूर विचारावे. एवढ्या लहान बाळाला उपाशी ठेवून अर्धा दिवस रक्त काढत बसण्यात मला अर्थ दिसत नाही. बसायला लागल्यावर पाठीच्या कण्याचा एक एक्स-रे काढून ठेवावा. कणा वाकणे या विकारात मुळातच वारंवार दिसते. वाढीचा वेग वाढला की आधीचा बाक उठून दिसू शकतो, पण बाक आहे म्हणून औषध नाकारण्याचे कारण नाही.

मात्रेचा हिशेब तुमच्या मुलीवरच करून दाखवते. ७४ सेंटिमीटर आणि ८.२ किलो यांवरून तिच्या शरीराचे पृष्ठफळ सुमारे ०.४१ चौरस मीटर येते. पूर्ण मात्रा दर चौरस मीटरला रोज १ मिलिग्रॅम असते; आपण निम्म्याने सुरुवात करतो, म्हणजे सुमारे ०.२ मिलिग्रॅम, आणि काही महिन्यांत आयजीएफ-१ पाहून ०.४ च्या दिशेने जातो. आता एक सावधगिरी : आपल्याकडे हे औषध टोचण्याच्या काही पेनांवर मात्रा मिलिग्रॅममध्ये असते आणि काहींवर युनिटमध्ये. १ मिलिग्रॅम म्हणजे ३ युनिट. चिठ्ठीवर ‘०.६’ एवढेच लिहिले असेल आणि पेन मिलिग्रॅमचे असेल, तर बाळाला तिप्पट औषध जाईल. दुकानातून नव्या कंपनीचे पेन मिळाले की घरी जाण्यापूर्वी पेनाचा आणि चिठ्ठीचा फोटो आम्हाला पाठवावा, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. आजोबांनी दुकान चालवले आहे, तेव्हा हे काम त्यांच्याकडे सोपवावे. ते डोळ्यांत तेल घालून करतील.

औषध २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे आणि गोठू द्यायचे नाही. यातला दुसरा भाग लोक विसरतात. एका मुलीचा आयजीएफ-१ उत्तम चालला असताना अचानक निम्म्यावर आला. मात्रा बरोबर होती, एकही दिवस चुकला नव्हता, वडिलांनी कॅलेंडरवर रोजच्या खुणाही दाखवल्या. शेवटी मी त्यांना फ्रिज उघडून फोटो पाठवायला सांगितले. औषधाची डबी ‘सर्वांत थंड जागा’ म्हणून बर्फाच्या कप्प्याखाली मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती आणि भिंतीवर बर्फाचा पापुद्रा धरलेला दिसत होता. प्रथिनापासून बनलेले औषध एकदा गोठले की वितळल्यावर दिसायला पाण्यासारखे स्वच्छ दिसले, तरी त्याचा भरवसा उरत नाही. मधल्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात, भिंतीपासून चार बोटे लांब ठेवावे. वीज दोन-तीन तास गेली तर फ्रिजचे दार उघडू नये, एवढेच पुरे. कोकणात किंवा गावी जाताना औषध थर्मासच्या डब्यात न्यावे आणि बर्फाची पिशवी व पेन यांच्यामध्ये जाड रुमाल घालावा.

सुई रोज रात्री झोपण्यापूर्वी, मांडीवर किंवा नितंबावर, जागा बदलत टोचावी. एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे खळगा किंवा गाठ होते. सुई चार-पाच मिलिमीटरचीच असते आणि पहिल्या आठवड्यात रडते कोण, तर बहुधा आई. आईवडील दोघांनाही टोचता आले पाहिजे. एकाच माणसावर हे काम पडले की घरात त्या माणसाची प्रतिमा ‘सुईवाला’ अशी होते आणि मूल त्याच्याकडे जायचे टाळते.

सुरुवातीला दर तीन महिन्यांनी आणि नंतर सहा महिन्यांनी तपासणी लागते. आयजीएफ-१ या मुलांत लवकर चढतो, त्यामुळे तो वयाच्या वरच्या मर्यादेच्या आत ठेवण्यासाठी मात्रा कधीकधी कमीही करावी लागते. साखरेवर लक्ष हवे, कारण हे हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध ओढते आणि आपल्याकडे बहुतेक घरांत एखादे आजी किंवा आजोबा मधुमेही असतातच. उलटीविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही मुले सहसा उलटी करत नाहीत, त्यांना वेदनाही कमी जाणवतात. म्हणून उलटी झाली तर ती ‘काहीतरी बाधले असेल’ म्हणून सोडून देऊ नये. औषध सुरू केल्यानंतर डोकेदुखीसह उलटी झाली तर क्वचित डोक्यातला दाब वाढलेला असतो आणि मोठ्या मुलाने भरमसाट खाल्ल्यानंतर पोट फुगून उलटी झाली तर जठराला इजा झालेली असू शकते. दोन्ही वेळा त्याच तासात रुग्णालय गाठावे.

आता भूक. ग्रोथ हॉर्मोनने भूक वाढत नाही, पण कमीही होत नाही, आणि या दुसऱ्या भागाकडे आजींनी लक्ष द्यावे अशी माझी विनंती आहे. या विकारात भुकेचा प्रवास ठरावीक टप्प्यांनी होतो. आधी चोखायचीही ताकद नसते; मग काही काळ सगळे सुरळीत वाटते; साधारण दोन वर्षांनंतर खाणे न वाढवताही वजन चढू लागते; साडेचार वर्षांच्या आसपास खाण्यातले लक्ष वाढते; आणि सुमारे आठव्या वर्षानंतर पोट भरल्याची जाणीवच येत नाही अशी भूक सुरू होते. म्हणजे महिनोन्‌महिने नळीने दूध पाजून थकलेल्या घराला जेव्हा वाटते की सुटलो एकदाचे, बाळ भरले, गुटगुटीत झाले, दृष्ट काढा, नेमके तेव्हाच वजनावर पहारा बसवायचा असतो. मला या वेळी आजींशी बोलणे सर्वांत अवघड जाते, कारण ज्यांनी चमच्याचमच्याने दूध भरवून नात जगवली, त्यांनाच आता हात आखडता घ्यायला सांगायचे असते. त्यांनी वाटी लहान करावी, माया नव्हे, एवढेच मी म्हणते. या मुलांची उष्मांकांची गरज समवयस्कांच्या साधारण ६० ते ८० टक्के असते. मात्र पहिल्या दोन वर्षांत तूप-तेल पार बंद करणे ही उलट्या टोकाची चूक आहे; मेंदूच्या वाढीला स्निग्ध पदार्थ लागतात, तेव्हा आहार आहारतज्ज्ञांकडून मोजून घ्यावा.

पुढे स्वयंपाकघराला कुलूप लावावे लागेल हे आताच ऐकून ठेवा, म्हणजे त्या दिवशी अपराधी वाटणार नाही. कुलूप ही शिक्षा नाही. पुढचे खाणे कधी आणि काय मिळणार याची मुलीला खात्री असावी आणि मधल्या वेळात काही मिळेल ही आशा नसावी. या दोन्ही गोष्टी पक्क्या झाल्या की तिचे मन शांत राहते. सदाशिव पेठेतल्या माझ्या परिचयाच्या एका घरी गणपतीच्या दिवसांत उकडीचे मोदक होतात. नऊ वर्षांच्या लेकीच्या पानात एक मोदक असतो, त्या बदल्यात पोळी नसते आणि हे गणित तिच्याच अक्षरात फ्रिजच्या दारावर लिहिलेले असते. उरलेले मोदक ती शाळेतून यायच्या आत शेजाऱ्यांकडे जातात. पाहुण्यांना दारातच सांगितले जाते की, हातात खाऊ आणू नका, हवे तर रंगखडू आणा. पहिल्या वर्षी नातेवाईक दुखावले; आता त्या घरात रंगखड्यांच्या आठ पेट्या आहेत.

भुकेवरच्या औषधांविषयी तुम्ही इंटरनेटवर वाचले असेल. डायझॉक्साइड कोलीन या गोळीला या विकारातील अतिभुकेसाठी २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, वय चार वर्षांपासून पुढे. तिने साखर वाढू शकते, अंगावर सूज येऊ शकते, लव वाढू शकते. तुमच्या मुलीसाठी तो आजचा प्रश्न नाही आणि ती गोळी मिळाली तरी कुलूप काढता येईल असे मला वाटत नाही.

ग्रोथ हॉर्मोनखेरीज आणखी तीन हॉर्मोनांकडे पाहावे लागते. थायरॉइड तपासताना केवळ टीएसएचवर, म्हणजे थायरॉइडला हुकूम देणाऱ्या पीयूषिकेच्या हॉर्मोनवर, विसंबू नये. बिघाड वरच्या पातळीवर असल्यामुळे टीएसएच सामान्य दिसूनही फ्री टी-४, म्हणजे प्रत्यक्ष थायरॉइडचे हॉर्मोन, कमी असू शकतो, म्हणून दोन्ही मागावेत. कॉर्टिसोल, म्हणजे आजारपणाचा ताण पेलायला लागणारे हॉर्मोन, याबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. किती मुलांत ते अपुरे पडते यावर वेगवेगळ्या अभ्यासांचे आकडे परस्परांशी जुळत नाहीत. माझी पद्धत सावधपणाची आहे : शस्त्रक्रिया किंवा गंभीर आजारपण असेल आणि कॉर्टिसोल पुरेसे असल्याचा पुरावा हाती नसेल, तर तेवढ्यापुरते हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातले तेच हॉर्मोन, द्यावे. तसे लिहिलेले सूचनापत्र मी प्रत्येक कुटुंबाला देते. ते घडी घालून आईच्या पर्समध्ये असावे, कपाटातल्या फाइलमध्ये नव्हे.

तिसरे हॉर्मोन वयात येण्याचे. मुलग्यांत वृषणे खाली न उतरलेली असतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातच त्यांचा उपचार करावा लागतो. मुलींत असे बाहेरून काही दिसत नाही, त्यामुळे विषय बारा-तेरा वर्षांपर्यंत निघतच नाही. बहुतेक मुलींमध्ये वयात येणे सुरू होऊन मधेच अडकते. तेव्हा अत्यल्प मात्रेत इस्ट्रोजेन देऊन ती दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतात आणि पुढे प्रोजेस्टेरॉन जोडतात. या टप्प्यावर आया मला दार लावून घेऊन विचारतात : ‘डॉक्टर, हिला पाळी आणायचीच कशाला? सांभाळणार कोण?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्यासाठी कोणी त्यांना नावे ठेवू नयेत. उत्तर हाडांत आहे. इस्ट्रोजेन नसेल तर विशी-तिशीत हाडे ठिसूळ होतात आणि वेदना कमी जाणवणाऱ्या मुलीचे मोडलेले हाड कित्येक दिवस कळतही नाही. पाळी झेपत नसेल तर ती विरळ करण्याचे किंवा थांबवण्याचे मार्ग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे आहेत, त्यासाठी हाडांचे हॉर्मोन नाकारू नये. मूल होण्याची शक्यता फार कमी असते, पण या विकाराच्या काही स्त्रियांना गर्भधारणा झाल्याची नोंद आहे. तेव्हा तोही विषय योग्य वयात, तिला कळेल अशा भाषेत बोलावा लागेल.

किती वर्षे, याचे उत्तर असे : लहानपणची मात्रा हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत चालते. त्यानंतर औषध पूर्ण थांबवल्यास चरबीचा वाटा पुन्हा वाढताना दिसतो, म्हणून मोठेपणी पुन्हा तपासणी करून, गरज असल्यास, पुष्कळ कमी मात्रेत ते पुढे देता येते.

कर्करोगाबाबत, ज्या मुलांना मुळात तशी जोखीम नव्हती त्यांच्यात या उपचाराने तो वाढल्याचे आजवरच्या दीर्घ निरीक्षणांत आढळलेले नाही. आजोबांची शंका त्यांच्या काळापुरती अगदी खरी होती. मृतांच्या पीयूषिका ग्रंथींतून काढलेल्या हॉर्मोनमुळे काही जणांना मेंदूचा घातक आजार झाल्याचे १९८५ मध्ये उघड झाले आणि तो प्रकार बंद पडला. आजचे हॉर्मोन जनुकतंत्राने प्रयोगशाळेत बनवतात, त्यात मानवी ग्रंथीचा अंशही नसतो.

खर्च वजनाबरोबर वाढत जातो, त्यामुळे आजचा आकडा पाहून निश्चिंत होऊ नये. किमतींची तुलना पेनामागे न करता मिलिग्रॅममागे करावी. देशी उत्पादनेही उपलब्ध आहेत आणि ती वापरायला माझी हरकत नसते. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण, २०२१ मध्ये प्रेडर-विलीसाठीच्या ग्रोथ हॉर्मोनचा समावेश दुसऱ्या गटात आहे आणि नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रात, म्हणजे या धोरणासाठी निवडलेल्या रुग्णालयात, नोंद झालेल्या रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे. पुण्यातील कुटुंबांना मी त्यासाठी केईएमला पाठवते, म्हणजे मुंबईत परळला. हे मुद्दाम लिहिते, कारण एक वडील कागदपत्रांची पिशवी घेऊन रास्ता पेठेतल्या केईएममध्ये जाऊन बसले होते. नोंदणीला वेळ लागतो, म्हणून स्लीप स्टडीची तारीख मिळण्याची वाट न पाहता अर्जाची तयारी सुरू करावी.

शेवटचा मुद्दा तुमच्या प्रश्नात नव्हता, पण पत्र मुलीच्या वडिलांनी लिहिले आहे आणि आईच्या मनात तो नक्की असणार. १९५६ मध्ये झुरिचमध्ये प्रेडर, लाबहार्ट आणि विली यांनी हा विकार वर्णिला, तेव्हा कारण माहीत नव्हते. आता माहीत आहे : १५ व्या गुणसूत्राच्या एका तुकड्यातील काही जनुके फक्त वडिलांकडून आलेल्या प्रतीत जागी असतात आणि तीच प्रत इथे हरवलेली असते. बहुतेक मुलांत तो तुकडा तुटलेला असतो. सुमारे चौथ्या हिश्श्यात दोन्ही प्रती आईकडूनच आलेल्या असतात. हे गर्भधारणेच्या सुमारास योगायोगाने घडते. कोणाच्या खाण्यापिण्याने, ग्रहणाने वा कोणाच्या घराण्यामुळे नाही. अशा वेळी पुढच्या मुलाला हाच विकार होण्याचा संभव एक टक्क्याहून कमी असतो. पण फार थोड्या कुटुंबांत इम्प्रिंटिंग केंद्रातील (ही जनुके जागी की झोपलेली हे ठरवणाऱ्या भागातील) दोष वडिलांकडून आलेला असतो आणि तिथे तो संभव ५० टक्क्यांपर्यंत जातो. मिथायलेशन चाचणी विकार आहे एवढे सांगते, यांपैकी प्रकार कोणता ते सांगत नाही. त्यासाठीची पुढची चाचणी तुमच्या कागदपत्रांत मला दिसली नाही. दुसऱ्या मुलाचा विचार करण्याआधी ती करून घ्यावी आणि स्लीप स्टडीच्या रात्री मुलीचे रक्त काढणार असतील, तर त्याच वेळी दोन मिलिलिटर जास्त घ्यायला सांगावे, म्हणजे तिला पुन्हा टोचावे लागणार नाही.